शस्त्रक्रियेनंतरची वाट : वजन उतरते, उमेद टिकवावी लागते

निरोगी शरीर ही कष्टकरी माणसाची पहिली मालमत्ता होय. ज्या पिढीने गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि नगरपालिकेत अंगमेहनत करून आपल्याला शिकविले, त्या पिढीपुढे पोटभर अन्नाचा प्रश्न होता. तिच्या मुला-नातवंडांपुढे आज नेमका उलट प्रश्न उभा आहे. खुर्चीवरची नोकरी, लोकलचा लांबचा प्रवास, अवेळी जेवण आणि बाहेरचे तळलेले खाणे यांमुळे वजन वाढते आणि त्याच्या पाठोपाठ मधुमेह, रक्तदाब व गुडघेदुखी घरात येतात. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल आढळले. म्हणजे साधारणपणे चौघांत एक.

यांपैकी ज्यांचे वजन फार वाढलेले असते आणि ज्यांना पथ्य, व्यायाम व औषधे यांनी उतार पडत नाही, त्यांना डॉक्टर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवितात. आपल्या ओळखीतही आता अशी माणसे आहेत. शस्त्रक्रिया कशी होते, खर्च किती येतो, यावर बरीच चर्चा होते. परंतु शस्त्रक्रिया करून माणूस घरी आल्यानंतर पुढील पाच-दहा वर्षे त्याने उमेद कशी टिकवावी आणि त्याला आधार कोणी द्यावा, यावर कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. ते प्रथम सांगतो.

एका वाटीची गोष्ट

आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका ताईंनी काही वर्षांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्या वेळी त्यांचे वजन ११२ किलो होते, मधुमेह होता आणि दोन जिने चढताना तीन वेळा थांबावे लागे. वर्षभरात वजन ७४ किलोवर आले. साखर आटोक्यात आली. त्या वर्षीच्या वैशाखी पौर्णिमेला त्या उत्साहाने कार्यक्रमास आल्या. वंदना झाली आणि खीरवाटप सुरू झाले. त्यांनी नको म्हणून हात जोडले. "अहो ताई, पौर्णिमेची खीर आहे, एका वाटीने काय होते?" असा आग्रह झाला. चार माणसांसमोर नाही म्हणणे त्यांना जड गेले. त्यांनी खीर खाल्ली. वीस मिनिटांच्या आत त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, भोवळ आली. सतरंजीवरच त्यांना आडवे करावे लागले. त्यातच मागून कोणीतरी म्हणाले, "आणखी करा ऑपरेशनं!"

त्या दिवसानंतर ताई आठ महिने कार्यक्रमास आल्या नाहीत. फिरणे बंद झाले, गोळ्या बंद झाल्या, तपासण्या राहिल्या. वजन नऊ किलोंनी वाढले आणि हिमोग्लोबिन ७.८ वर उतरले. डॉक्टरांचे काम चोख झाले होते. कमी पडलो ते आपण. आग्रहाची ती वाटी पुढे करणारा हात माझाच होता, म्हणून हा लेख लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. ताईंची परवानगी घेऊन, त्यांचे नाव न देता ही हकिगत येथे दिली आहे.

शस्त्रक्रिया काय करते आणि काय करीत नाही

गॅस्ट्रिक बायपास या शस्त्रक्रियेचा आरंभ अमेरिकेत आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केला. या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी ठेवतात आणि ती पुढच्या लहान आतड्यास जोडतात. त्यामुळे अन्न उरलेले जठर व आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. दुसरी प्रचलित पद्धत स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तिच्यात जठराचा सुमारे पाऊण किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात.

या शस्त्रक्रियांनी केवळ पोट लहान होत नाही. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचे भूक वाढविणारे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये नेमका तो भाग निघून जातो, म्हणून सुरुवातीचे महिने भूक फारशी लागत नाही. बायपासमध्ये आतड्यातील संप्रेरकांत बदल होतो, पोट लवकर भरल्यासारखे वाटते आणि पुष्कळांची साखर वजन उतरण्याच्या आधीच सुधारू लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. स्थूलता हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नव्हे. म्हणून शस्त्रक्रिया करून घेणे ही पळवाट नव्हे. मोतीबिंदू काढणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही, मग वजनाची शस्त्रक्रिया करणाऱ्याला "आयते बारीक झाले" असे का म्हणावे?

पण त्याचबरोबर हेही खरे की शस्त्रक्रिया सवयी बदलत नाही. चिंता वाटली की फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात, रात्री उशिरा जेवण्याची रीत, घरातली भांडणे, एकटेपणा यांतले काहीच ती कापून काढीत नाही. ते काम माणसाला आणि त्याच्या माणसांना करावे लागते.

उमेद केव्हा खचते

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींची नोंद ठेवली गेली. त्यांतील २,०१० जणांवर शस्त्रक्रिया झाली होती. बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. दहा वर्षांनी ही घट सरासरी २५ टक्के राहिली. शस्त्रक्रिया केलेल्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. यातून दोन बोध मिळतात. पहिला असा की लाभ मोठा आहे आणि दीर्घकाळ टिकतो. दुसरा असा की तळ गाठल्यानंतर काही किलो परत येणे हे पुष्कळांच्या बाबतीत घडते. काही किलो वाढले म्हणजे सर्व बुडाले असे नव्हे.

उमेद खचण्याचे प्रसंग साधारण ठरलेले आहेत. ते आधी ठाऊक असले तर माणूस घाबरत नाही.

१) पहिले काही आठवडे : दोन आठवडे पातळ आहार, मग कुस्करलेले मऊ अन्न आणि दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण, असा क्रम बहुधा असतो. घरात फोडणीचा वास येतो आणि आपल्यापुढे वरणाचे पाणी असते. "कुठून या फंदात पडलो" असे वाटते. याच काळात वजन काही दिवस एका जागी थांबतेही. हे नेहमीचे आहे.

२) तिसरा ते सहावा महिना : केस गळतात. बहुतेकांच्या बाबतीत ते पुन्हा येतात. प्रथिने, लोह यांकडे लक्ष द्यावे आणि डॉक्टरांना सांगावे.

३) वर्ष-दीड वर्षानंतर : भूक परतू लागते, काटा थांबतो आणि कौतुक करणारे गप्प होतात. खरी परीक्षा येथे सुरू होते. आरंभीची उमेद काट्याने दिलेली होती, पुढची उमेद आपण निर्माण करावयाची असते.

४) मनाचे चढउतार : शरीर बारीक झाले तरी आरशात जुनाच माणूस दिसतो, कातडी लोंबते, नातेसंबंध बदलतात. काहींचे मन खाण्याऐवजी दारूकडे वळते. बायपासनंतर दारू फार वेगाने रक्तात चढते आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

रोजचा नेम

उमेद ही भावना आहे, ती येते आणि जाते. नेम मात्र उमेद नसतानाही चालतो. म्हणून नेम साधा असावा.

ताटात प्रथम प्रथिने घ्यावीत. साधारणपणे रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. नेमका आकडा आपल्या आहारतज्ज्ञांकडून घ्यावा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. मासे, चिकन, मोड आलेली मटकी, सोयाबीनच्या वड्या हे आपल्या घरात मिळणारे पदार्थ आहेत. भाकरी-भात शेवटी, पोटात जागा उरली तर. महागडे डबे घेतल्याशिवाय पथ्य होत नाही हा समज चुकीचा आहे. मात्र आहार कमी पडत असेल तर प्रथिनांची पावडर औषध म्हणून घ्यावी लागते.

घास लहान घ्यावा, पुष्कळ चावावा आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबावे. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे. सरबते, थंड पेये, चहातली साखर टाळावी. गोड पदार्थ थेट आतड्यात वेगाने उतरला की घाम, धडधड, पोटात मुरडा व भोवळ येते. यालाच डम्पिंग म्हणतात. आमच्या ताईंना त्या दिवशी हेच झाले होते.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यावयाच्या आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची कमतरता हळूहळू, न बोलता येते. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये. रक्ततपासणी पहिल्या वर्षी डॉक्टर सांगतील तेव्हा आणि त्यानंतर दरवर्षी करावी. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधांची मात्रा मनाने बदलू नये. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत, कारण त्यांतील काहींमुळे बायपासच्या जोडावर व्रण होतो.

चालणे रोजचे असावे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे हे प्रमाण ठेवावे. त्यासोबत स्नायूंना ताकद देणारे हलके व्यायाम करावेत. वजन रोज करू नये, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी करावे आणि वहीत लिहावे. वहीत केवळ किलो लिहू नयेत. "आज न थांबता दोन जिने चढलो", "नातवाला उचलून घेतले", "साखरेची गोळी डॉक्टरांनी निम्मी केली" हेही लिहावे. काटा थांबतो त्या महिन्यात हीच वही उमेद देते.

राजा प्रसेनजिताने काय केले

संयुत्तनिकायातील कोसलसंयुत्तात एक प्रसंग आहे. कोसलचा राजा प्रसेनजित त्या काळी द्रोणभर भाताचे जेवण करीत असे. एकदा असाच भरपेट जेवून धापा टाकीत तो भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून जेवणाऱ्याच्या लाभाविषयी एक गाथा सांगितली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करावयास सांगितली आणि आपल्या जेवणाच्या वेळी ती रोज म्हणण्याबद्दल दररोज शंभर कार्षापण देण्याचे ठरविले. हळूहळू राजाचे जेवण नाळीभर भातावर आले, शरीर हलके झाले आणि त्याने समाधानाने आपल्या अंगावरून हात फिरविला.

विद्यार्थी मित्रांनी या प्रसंगाकडे बारकाईने पाहावे. राजाला उपदेश मिळाला होता, त्याची इच्छाही होती. तरीही आपल्या निश्चयावर तो विसंबून राहिला नाही. जेवणाच्या नेमक्या वेळी आठवण देणारा माणूस त्याने शेजारी उभा केला. बदल एका दिवसात केला नाही, हळूहळू केला. आणि आठवण देणाऱ्यावर तो रागावला नाही, उलट त्याला मोबदला दिला. सुदर्शनाने राजाला टोमणा मारला नाही, ताट हिसकावले नाही, फक्त योग्य वेळी योग्य शब्द म्हटले. आधार देणे म्हणजे काय, याचा याहून सोपा धडा शोधूनही सापडणार नाही.

आधार कोणी द्यावा, कसा द्यावा

घर : एकाचे पथ्य आणि बाकीच्यांची भजी, असे घर चालत नाही. घरातील सर्वांचे तेल-साखर थोडे कमी झाले तर सर्वांचाच फायदा आहे. शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती बहुधा स्वतःच घराचा स्वयंपाक करणारी असते, ही आपल्याकडील वस्तुस्थिती आहे. तिला स्वतःचे जेवण शांतपणे वीस-पंचवीस मिनिटे बसून करता यावे, यासाठी पतीने व मुलांनी वाढण्याचे, आवरण्याचे काम उचलावे. "किती उतरले?" हा प्रश्न रोज विचारू नये. "फिरायला येतेस का?" हा प्रश्न रोज विचारावा.

सोबती : प्रत्येकाने आपला एक सुदर्शन निवडावा. पत्नी, भाऊ, शेजारीण, कार्यालयातील सहकारी, कोणीही चालेल. त्याला स्पष्ट सांगावे की मला काय आठवण द्यायची आणि काय बोलायचे नाही.

समदुःखी : अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या अनेक रुग्णालयांत रुग्णांच्या आधारगटाच्या बैठका होतात. अशा बैठकांना नियमित जाणाऱ्यांचे वजन न जाणाऱ्यांपेक्षा अधिक उतरलेले दिसते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात आपण हे पाहिलेच आहे. पुण्याच्या मुक्तांगणाने १९८६ पासून उपचाराइतकेच महत्त्व नंतरच्या पाठपुराव्याला दिले. जो त्या वाटेवरून गेला आहे, त्याचा शब्द मनाला लागतो. जवळ गट नसेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन रुग्णांनी महिन्यातून एकदा भेटावे. गटासाठी तेवढी माणसे पुरतात.

वैद्यकीय चमू : वजन वाढले म्हणून लाजून डॉक्टरांकडे जाणे बंद करणे ही सर्वांत मोठी चूक. वजन वाढले असेल तेव्हाच जावयाचे असते. आहारात बदल, समुपदेशन, औषधे आणि क्वचित दुसरी शस्त्रक्रिया असे उपाय उपलब्ध आहेत.

थांबू नये अशा खुणा

सतत उलट्या होत असतील तर एक-दोन दिवसांहून अधिक वाट पाहू नये, कारण बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. पोटात तीव्र दुखणे, काळे शौच, चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, हातापायांना मुंग्या, अतिशय थकवा या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला दिला जातो, याची तरुण जोडप्यांनी नोंद घ्यावी. मन सतत उदास राहत असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे, तो विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

आपल्या मंडळाने काय करावे

ताईंची हकिगत अर्धी राहिली आहे. आठ महिन्यांनंतर मी आणि माझी पत्नी त्यांच्या घरी गेलो. मी माफी मागितली. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, वजन वाढल्याचं दुःख नाही. सगळ्यांच्या देखत आडवी पडले आणि कोणी हसलं, ते जात नाही." दुसऱ्या दिवशी पहाटे पत्नी त्यांच्या दारात फिरायला जाण्यासाठी उभी राहिली. पहिले तीन दिवस दार उघडले नाही, चौथ्या दिवशी उघडले. पुढे त्या डॉक्टरांकडे गेल्या, लोहाची सलाईन द्यावी लागली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. वाढलेल्या नऊ किलोंपैकी पाच उतरले, चार राहिले. ते चार किलो त्यांनी मान्य केले आहेत.

या अनुभवावरून आमच्या मंडळाने तीन साध्या गोष्टी ठरविल्या. आपणही त्यांचा विचार करावा. पहिली, कार्यक्रमात खिरीसोबत ताक व उकडलेले चणेही ठेवावयाचे. दुसरी, जो नको म्हणेल त्याला दुसऱ्यांदा आग्रह करावयाचा नाही आणि कारणही विचारावयाचे नाही. तिसरी, कोणाच्याही शरीरावर विनोद करावयाचा नाही. या तीन गोष्टींना पैसा लागत नाही, ठरावही लागत नाही. सवय मात्र लागते. ज्या समाजाने अपमानाची धग पिढ्यान् पिढ्या सोसली, त्याने आपल्याच माणसाला त्याच्या शरीरावरून अपमानित करावे, हे आपल्याला शोभत नाही.

शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत होते. तिचे फळ टिकविण्यास उरलेले आयुष्य लागते आणि ते काम एकट्याचे नाही. गेल्या पौर्णिमेला ताई आल्या होत्या. मी त्यांच्यापुढे ताकाचा पेला ठेवला. त्यांनी तो घेतला आणि माझ्याकडे पाहून हसल्या. वाचकांपैकी प्रत्येकाने आपल्या जवळच्या एखाद्या माणसाचा सुदर्शन व्हावे, एवढीच विनंती करून हा लेख पूर्ण करतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१) शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे महिने भूक कमी का लागते? ती परत आल्यावर कोणत्या सवयी उपयोगी पडतात?

२) आपल्या घरातील नेहमीच्या पदार्थांतून दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने कशी मिळतील? एका दिवसाचा तक्ता तयार करा.

३) राजा प्रसेनजिताने नुसत्या निश्चयावर विसंबून न राहता कोणती व्यवस्था केली? आजच्या घरात ती कशी करता येईल?

४) "आग्रह" आणि "आधार" यांतील फरक आपल्या पाहण्यातील एका प्रसंगाने स्पष्ट करा.